मराठीत गे पात्र लिहायचंय म्हणतोस, तर आधी अंथरूण कुठे घातलंय ते सांग

तुझा प्रश्न दोनदा वाचला. इतरांसाठी थोडक्यात सांगतो, हा आठ एपिसोडची मराठी वेब सिरीज लिहितोय, नाशिकमधलं घर, थोरला मुलगा समीर, वय एकतीस, बँकेत नोकरी, गे आहे आणि घरी माहीत नाही. प्रोड्युसर म्हणतो की पात्र जरा मजेशीर करा, लोकांना हसू आलं पाहिजे, आणि ह्याला भीती की एक तर ते टिंगल होईल नाहीतर रडारड. शिवाय विचारलंय की मराठीत आधी असं काय काय झालंय आणि अशा रोलला त्याच समाजातला ॲक्टर घ्यायचा का.

मी अठरा एक वर्षं डायलॉग लिहितोय, जास्त करून डेली सोप, मधे दोन-तीन पिक्चर, आणि सुरुवातीला पोटासाठी कॉमेडी स्किट. तर पहिलं पाप माझंच सांगतो. एका स्किटमध्ये मी एक बायकी ड्रेस डिझायनर लिहिला होता, मनगट मोडून बोलणारा, प्रत्येक पुरुषाच्या खांद्यावर हात टाकणारा, शेवटी त्याला साडी नेसवून नाचवायचं. रिहर्सलला ॲक्टर सारखा पदर झटकत होता आणि आम्ही सगळे हसत होतो. आमचे ड्रेसमन दादा त्याच्या निऱ्या नीट करत होते, वर न बघताच बोलले, "सर, पदर असा झटकत नाय कोण. ज्याला नेसायला मिळते ना तो लय सांभाळून नेसतो." बस एवढंच, पुढे पिना लावत बसले. स्किट झालं, हशा आला, पेमेंट आलं. पण तेव्हापासून मला ते निरीक्षण सुटलं नाही, कारण त्यात माहिती होती आणि माझ्याकडे ती नव्हती, मी दुसऱ्या स्किटमधलं बघून तिसरं स्किट लिहिलेलं होतं.

आता आपल्याकडे झालंय काय की पुरुषाने बाईचा वेश घेणं ही गोष्ट मराठी प्रेक्षकाला अजिबात नवीन नाही. बालगंधर्वांच्या साड्या बघून घरंदाज बायका तशी फॅशन करायच्या, विजय चव्हाणांची 'मोरूची मावशी' आपण लहानपणापासून कॅसेटवर पाठ केलीय, आणि 'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा, आजही टीव्हीवर लागला की लक्ष्मीकांतची पार्वती आणि सचिनची सुधा बघत अख्खं घर जेवणाची ताटं घेऊन बसतं. मला ह्यात काही वाईट वाटत नाही, मीही बसतो. पण हे सगळं वेशाचं काम आहे. शेवटी विग निघतो आणि आतला पुरुष बाईवरच प्रेम करणारा निघतो, म्हणून तर आपण इतके निवांत हसतो. आणि ह्या सवयीमुळे आपल्या लेखकांच्या डोक्यात एक पोतं तयार झालंय, त्यात नाच्या म्हणजे तमाशात बायकी हावभाव करणारा पुरुष, जोगता म्हणजे यल्लम्माला वाहिलेला पुरुष, तृतीयपंथी, गे मुलगा, नुसता नाजूक चालणारा पुरुष, सगळे एकत्र भरलेले असतात आणि हात घालून जो येईल तो काढायचा. तुझ्या पहिल्या एपिसोडच्या ड्राफ्टमध्येपण समीर गे आहे म्हणून त्याला आरशासमोर बहिणीची लिपस्टिक लावताना दाखवलंय. का? तो गे आहे ना, मग त्याला लिपस्टिक कशाला? लावणारेही असतात, नाही असं नाही, पण तू समीरला ओळखतोस म्हणून ती लावलीस की पोत्यात हात घातलास, ते तूच बघ.

'नटरंग' आणि 'जोगवा' तू लिस्टमध्ये टाकलेत, दोन्ही सिनेमे चांगलेच आहेत, 'जोगवा'साठी उपेंद्र लिमयेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो योग्यच होता. पण जरा नीट बघ. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा कागलकर हा पैलवान गडी, तमाशापायी नाच्या होतो. 'जोगवा'तल्या तायप्पावर यल्लम्माच्या नावाने साडी लादली जाते, आणि त्याचं प्रेम आहे ते सुलीवर. म्हणजे दोघेही बाईवर प्रेम करणारे पुरुष, आणि त्यांचं दुःख काय तर लोक त्यांना 'तसला' समजतात. आपल्याला कळवळा येतो तो चुकून तसला समजला गेलेल्या माणसाचा. जो खरंच तसा आहे तो त्या फडात, त्या जोगत्यांच्या मेळ्यात कुठेतरी बाजूला उभा असणारच की, त्याच्याकडे कॅमेरा वळत नाही. ही माझी तक्रार नाही, त्या गोष्टी त्या माणसांच्या होत्या. पण तू त्यांना प्रतिनिधित्व म्हणून मोजू नकोस एवढंच.

खरी मोजायची ती धार बारीक आहे, पण आहे, आणि बरीच जुनी आहे. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये स्टेजवर आलं, दिग्दर्शन विनय आपटेंचं आणि सुमित्राचं, म्हणजे मित्राचं काम रोहिणी हट्टंगडींचं. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळातली कॉलेजातली मुलगी, दुसऱ्या मुलीवर प्रेम करणारी, आणि ते सगळं आपल्याला सांगतो बापू, जो तिच्यावर भाळलेला साधा मुलगा आहे. पुढच्या वर्षी 'उंबरठा' आला, जब्बार पटेलांचा, त्यात महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं येतं. मग २००६ ला पालेकरांचा 'थांग', तिथे नवऱ्याचं पुरुषावर प्रेम आहे आणि कथा बायकोच्या बाजूने चालते, मृणाल कुलकर्णी होती. त्याच वर्षी सचिन कुंडलकरची 'कोबाल्ट ब्लू' कादंबरी, पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट येतो आणि भाऊ-बहीण दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. आणि त्याचा सिनेमा २०२२ ला नेटफ्लिक्सवर आला तो मात्र मराठीत नाही. 'मित्राची गोष्ट'वरून रवी जाधवने ब्लॅक अँड व्हाइट शॉर्टफिल्म केली, 'मित्रा', त्यात वीणा जामकर, त्या फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ ला 'बायोस्कोप' ह्या शॉर्टफिल्मच्या संग्रहातून ती थिएटरला लागली. एक गंमत सांगतो, 'नटरंग', 'बालगंधर्व', 'मित्रा' आणि हिंदीतली 'ताली' सिरीज, चारही ह्याच रवी जाधवने केल्यात. एक दिग्दर्शक वजा केला की आपला हिशोब किती उरतो बघ.

आणि 'अलीगढ' हा हिंदी सिनेमा. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवायचे, 'पायाखालची हिरवळ' ह्या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार होता. फेब्रुवारी २०१० मध्ये त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसं घुसली, विद्यापीठाने त्यांना सस्पेंड केलं, १ एप्रिलला अलाहाबाद हायकोर्टाने त्यांच्या बाजूने आदेश दिला आणि आठवड्याच्या आत ते घरात मृत सापडले. मराठीचा प्राध्यापक, मराठी कवी. त्यांच्यावर सिनेमा केला हिंदीवाल्यांनी. त्यात मनोज वाजपेयी एकटा खोलीत दारूचा ग्लास घेऊन लताबाईंचं जुनं गाणं ऐकतो, डोळे मिटून, हलकाच हात हलवत, किती वेळ तो सीन चालतो, आणि काहीही घडत नाही. ना कोणी दार वाजवतं ना फोन येतो. मी तो सीन लिहायला बसलो असतो तर दुसऱ्या मिनिटाला बेल वाजवली असती, खात्रीने, कारण डेली सोपने हाताला तीच सवय लावलीय.

सोपचं निघालंच आहे तर. काही वर्षांपूर्वी एका मालिकेत, नाव-गाव-चॅनेल काही सांगत नाही, आम्ही नायिकेच्या दिराचा ट्रॅक लिहिला. सगळी स्थळं नाकारतो, कारण कळत नाही, शेवटी वहिनीला कळतं की त्याचा मित्र हाच त्याचा जोडीदार आहे. चॅनेलने वनलाइन, म्हणजे ट्रॅकची थोडक्यात गोष्ट, पास केली, वर कौतुक केलं. सात-आठ सीन शूट पण झाले, त्यात तो रात्री गच्चीवर फोनमधला फोटो बघून रडतो वगैरे. आणि मग वरून कोणाला तरी धडकी भरली, टीआरपी त्या आठवड्यात आधीच घसरलेला, म्हणाले फॅमिली ऑडियन्स आहे, आत्ता नको. शूट झालेलं तर फेकून देता येत नाही, पुढच्या एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेला साठा, नव्हतीच. मग काय केलं, फोनच्या स्क्रीनचा एक नवीन इन्सर्ट घेतला, त्यात एका ज्युनिअर आर्टिस्ट मुलीचा फोटो. झालं, दिराचा प्रेमभंग झाला होता. रडणं तेच, गच्ची तीच, बॅकग्राउंडला बासरी तीच. लोकांनी तो ट्रॅक आवडीने बघितला. ह्यातून मी उलटंच शिकलो, की प्रेक्षकाला त्या पोराचं रडणं आधीच पटलेलं होतं, अडचण फक्त चार इंचाच्या स्क्रीनवरच्या फोटोची होती.

तुझा प्रोड्युसर घाबरतोय ते अगदीच हवेतलं नाहीये हेपण सांगतो. डिसेंबर १९९८ मध्ये मुंबईत दोन बायकांच्या प्रेमावरचा 'फायर' सिनेमा चालू असताना थिएटरमध्ये घुसून तोडफोड झाली होती, ज्यांनी तेव्हा हा धंदा केलाय त्यांच्या डोक्यातून ते जात नाही. पण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ त्या बाबतीत जाऊनही आता बरीच वर्षं झाली, ६ सप्टेंबर २०१८, आणि ओटीटीवर तू काही गुरुवारच्या टीआरपीच्या आकड्यांचा गुलाम नाहीस. असो.

आता तुझ्या स्क्रिप्टवर येतो. तिसऱ्या एपिसोडच्या शेवटी आई समीरचा फोन उचलते, मेसेज वाचते, हातातून स्टीलचं पातेलं पडतं, कट. हे पातेलं मराठी मालिकांमध्ये इतक्या वेळा पडलंय की त्याला आता पोचे सुद्धा येत नाहीत. आणि मुळात चूक अशी की तू गृहीत धरलंयस की आईला माहीत नाही. अरे, आईला माहीत असतं. निदान काहीतरी वेगळं आहे हे माहीत असतं, बोलायचं नाही हे तिने ठरवलेलं असतं, आणि आपल्या घरांमध्ये न बोलता किती गोष्टी वर्षानुवर्षं चालतात हे तुला मी सांगायला नको, वाटणीचे कोर्टकज्जे चालू असताना भाऊ-भाऊ एकत्र गणपती बसवतात.

माझ्या ओळखीच्या एका घरी गणपतीला मुलगा त्याच्या 'मित्राला' घेऊन यायचा. पहिल्या वर्षी आईने मित्राचं अंथरूण हॉलमध्ये घातलं, सोफ्याजवळ, पाहुण्याची नवीन चादर, उशाला तांब्या-भांडं. मुलगा आतल्या खोलीत. दुसऱ्या वर्षी दोन्ही अंथरुणं आतल्या खोलीत, पण मधे आजीची खाट. तिसऱ्या वर्षी खाट नव्हती. आजी गेली होती म्हणून नव्हती, का आईने सरकवली, हे कोणी बोललं नाही. चौथ्या वर्षी मित्र आला नाही तेव्हा तिने मुलाला काही विचारलं नाही, फक्त एकवीस मोदकांतले पाच बाजूला डब्यात भरून ठेवले, जाताना हातात दिले. मला सांग ह्यात 'आई, मी गे आहे' हे वाक्य कुठे लागतं? तीन सीझन निघतील ह्याच्यावर. तुझ्या स्क्रिप्टमध्ये समीरचा पार्टनर घरी एकदाही येत नाही, ते दोघं फक्त कॅफेत भेटतात. त्याला घरी आण. अंथरूण कुठे पडतंय ते लिही. आईने त्याला पहिल्यांदा 'अहो-जाहो' केलं, मग 'अरे' केलं, मग एक दिवस मटार सोलायला बसवलं, हा अख्खा ग्राफ आहे.

'मित्र' ह्या शब्दावर तर थांबच जरा. मराठीत ह्या नात्याला रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही, समलिंगी जोडीदार वगैरे पेपरात ठीक आहे, घरात सगळा भार 'मित्र' वर पडतो. "आला का रे तुझा तो मित्र" ह्यात 'तो' वर किती जोर दिला त्यावर सगळं अवलंबून. मावशी जेव्हा "तुमच्या समीरचा तो... मित्र" असं मधे दम घेऊन म्हणते तेव्हा तिला कळलेलं आहे हे सगळ्या खोलीला कळतं. ॲक्टरला ब्रॅकेटमध्ये 'पॉज' लिहून दे, बाकी काही नको. तसंच फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव. मला माहीत असलेल्या एकाने चार वर्षं पार्टनरचा नंबर 'ॲक्वागार्ड सर्व्हिस' म्हणून सेव्ह केला होता, घरातली सगळी माणसं चिडवायची की तुझा फिल्टर सारखा कसा बिघडतो. हा विनोद बघ, हा त्याचा आहे, त्याच्यावरचा नाही. तुझ्या प्रोड्युसरला मजेशीर पाहिजे ना, इथे आहे मजा. स्थळं टाळायला समीरने स्वतःच गुरुजींना पैसे देऊन पत्रिकेत कडक मंगळ काढून घेतलाय, आणि आई नेमकी कडक मंगळाची मुलगी शोधून आणते. लिही, लोक पोट धरून हसतील आणि कोणाचं मनगट मोडायला लागणार नाही.

तू समीरची कॉलेजमधली मैत्रीण ट्रान्स दाखवली आहेस, तिचे डायलॉग वाचताना मला वाटलं तू हिंदीत विचार करून लिहितोयस, कारण मराठीत तुला एक खजिना फुकट मिळालाय आणि तू हात लावला नाहीस. आपल्याकडे 'मी' बोललं की लगेच पुढे लिंग येतं, मी येतो, मी येते, मी जेवलो, मी जेवले. प्रत्येक वाक्यात. जी मुलगी घरी अजून मुलगा म्हणून वावरते, तिला दिवसातून शंभर वेळा हे ओलांडावं लागतं. आणि माणसं ह्यातून वाटा काढतात, ऐकलंस तर लक्षात येईल. 'मला जायचंय', 'मला भूक लागली' ह्यात लिंग नाही. 'मी काम केलं', 'मी सांगितलं', नाही. आणि भविष्यकाळात तर अजिबात नाही, 'मी येईन', 'मी करीन', कोणीही म्हणू शकतं. तर तिला आईसमोर ह्याच वाक्यांमध्ये बोलव, दोन एपिसोड, कोणाला कळणारही नाही काय चाललंय, फक्त ती जरा तुटक बोलते असं वाटेल. मग एक दिवस घाईत, चपला घालताना, तोंडातून निघून जाऊ दे, "आई, येते गं मी." आणि आई काय करते ते तू ठरव, पण पातेलं नको. हां, आणि पात्र कोल्हापूरकडचं करणार असशील तर हे सगळं फसेल, तिकडे मुलीच 'आलो, गेलो' म्हणतात.

समीरच्या बाबतीतही हे आहे. घरात कोणी विचारलं की आहे का रे कोणी, तर तो म्हणतो, "आहे एक व्यक्ती." आता 'व्यक्ती' स्त्रीलिंगी, मग पुढे सगळं 'ती' मध्येच चालतं, ती पुण्याला असते, ती आयटीत आहे, आणि आजी खूश, जात कोणती विचारते. खोटं एक अक्षर बोललेला नाही तो. पण घरात 'व्यक्ती' असा शब्द कोण वापरतं, म्हणून धाकटी बहीण मान वर करून बघते.

समुपदेशकाचा जो सीन आहे सहाव्या एपिसोडमध्ये, तो काढ. 'हा आजार नाही' हे वाक्य पडद्यावर कोणी डॉक्टर बोलला की प्रेक्षक जाहिरात लागल्यासारखा पाणी प्यायला उठतो. माहिती द्यायचीच असेल तर चुकीची माहिती दे, काकांच्या तोंडी, लग्न लावून द्या सगळं सुटतं म्हणणारे काका प्रत्येक घरात आहेत, आणि त्यांचं म्हणणं किती फोल आहे ते गोष्टीत दिसू दे. आणि तसं लग्न झालेली बायको हे वेगळंच पात्र आहे, 'थांग'ने तेच घेतलं होतं, तुझ्याकडे जागा असेल तर समीरच्या पार्टनरचं आधी लग्न झालेलं असू दे, आणि त्या बाईला खलनायिका करू नको, तिची काय चूक.

'साबर बोंडं' बघितला नसशील तर आधी बघ. रोहन कानवडेचा, २०२५ ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलला वर्ल्ड सिनेमा ड्रामॅटिकमध्ये ग्रँड ज्युरी प्राइझ, आपल्याकडे सप्टेंबरमध्ये लागला. मुंबईत राहणारा आनंद वडील गेले म्हणून गावी जातो, दहा दिवसांचं सुतक, आणि तिथे लहानपणीचा मित्र बाळ्या. त्यात आईपासून लपवण्याचं नाटक नाहीच, आईला माहीत आहे. अडचण आहे ती सुतकाच्या नियमांची, नातेवाइकांच्या लग्नाच्या टुमण्याची, शेळ्यांची, उन्हाची. म्हणजे बघ, प्रेम बाजूला ठेवलं तरी घरात एक मेलेलं माणूस आहे आणि दहावा करायचाय, गोष्ट तिथून हलते. मला तो पहिल्या वीस मिनिटांत संथ वाटला होता, खोटं कशाला बोलू, मग मी पण त्याच ओसरीवर बसलो.

ॲक्टरचं म्हणशील तर माझं मत थोडं सरमिसळ आहे. 'ताली'त ट्रान्स कार्यकर्ती गौरी सावंतची भूमिका सुष्मिता सेनने केली, नाव मोठं म्हणून सिरीज उभी राहिली हे धंद्याचं सत्य आहे. दुसरीकडे झी मराठीच्या 'कारभारी लयभारी'त गंगा नावाची ॲक्टर ट्रान्स पात्र करत होती आणि ती स्वतः ट्रान्स आहे, डेली सोपमध्ये, प्राइम टाइमला, आणि आभाळ काही कोसळलं नाही. गे पुरुषाची भूमिका कोणी करावी ह्यात मी फार शिरत नाही, ऑडिशनला आलेल्या माणसाला तू गे आहेस का विचारणं मला जमणार नाही. पण ट्रान्स मैत्रिणीसाठी पुरुष ॲक्टरला विग लावायचा विचार असेल तर सोड, आपण परत 'मावशी'च्या विंगेत जाऊन उभे राहतो. ऑडिशनचा कॉल त्या ग्रुपांमध्ये पोचवायला वेळ दे, महिना धर. आणि नुसतं ॲक्टिंगला नको, डायलॉग वाचायला एकाला पैसे देऊन बसव. पैसे देऊन म्हणालो, चहा पाजून नाही. कोणी फुकट तुझ्या चुका काढून देणार नाही आणि का द्याव्यात.

एक शेवटचं, हे मघाशीच विचारायचं होतं. तुझ्या समीरला आडनाव नाहीये. शंभर पानांत कुठेही नाही, दारावरच्या पाटीचा शॉट आहे तिथेसुद्धा तू नुसतं 'समीरचं घर' लिहिलंयस. आडनाव ठरलं की गाव ठरतं, भावकी ठरते, घरात मटण शिजतं की नाही ते ठरतं, लग्नाला किती लोक आणि कोण काय बोलणार तेही. ते ठरव आणि पहिले दोन एपिसोड परत पाठव, अंथरुणासकट.